नखांवरची मेंदी

आमच्या प्रयोगशाळेत पांढरे उंदीर ओळखायचे ते रंगावरून. कुणाच्या शेपटीवर पिवळा ठिपका, कुणाच्या डोक्यावर. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे त्यांचंबी हळदीकुंकू करता की तुमी." तिच्या पोटातली गाठ कळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि माझं काम नेमकं गाठींवरच चाललेलं. देव असले खेळ करतो तेव्हा मला त्याचा मनापासून राग येतो.

काम सांगायला सोपं आहे. आजारी उंदराची गाठ काढायची, मिठाच्या थंड पाण्यात वाटायची, पेशी गाळून टाकायच्या आणि उरलेलं पाणी धडधाकट उंदराला टोचायचं. म्हणजे गाठ नाही, नुसता तिचा अर्क. तरी थोड्याच दिवसांत त्याचे गुलाबी कान फिके पडायला लागतात. निरोगी उंदराच्या रक्ताचा थेंब जरा कमी मिठाच्या पाण्यात टाकला तर तांबड्या पेशी बऱ्यापैकी तग धरतात, पाणी गढूळ राहतं. या उंदराच्या पेशी मात्र पटापट फुटतात आणि नळीतलं पाणी सरबतासारखं नितळ लाल होतं. दिसायला फार सुंदर दिसतं ते.

घरी आईचंही तेच चाललं होतं. रक्त कुठून वाहत नव्हतं, तरी अंगात टिकत नव्हतं. रक्ताची बाटली चढवली की चार दिवस बरे जायचे, मग ये रे माझ्या मागल्या. शेजारणी बीट आणून देत, आणि सोलापुरात डाळिंबांना तर काय तोटा! मी रोज सकाळी तिला खिडकीशी बसवायची, एकेक नख दाबून सोडायची आणि खालून गुलाबी रंग कितपत परत येतो ते बघायची. मग तशीच कामावर जाऊन उंदरांचे कान उजेडात धरायची.

तिला नागपंचमीला माहेरी जायचं होतं, कानडी मुलखाला लागून असलेल्या दुधनीला. तिकडे पंचमी म्हणजे बायकांची दिवाळी. झाडाला झोका बांधायचा, लाडू वळायचे, आणि केस पिकले तरी लेकीनं त्या दिवशी माहेरी यायचं. आषाढभर तिचा तोच घोशा होता आणि माझं एकच पालुपद, "रक्त वाढू दे, मग जाऊ."

एकदा जेवताना तिनं विचारलं, "तुझ्या उंदरांचं पुढं काय हुतं गं?"

"सुई थांबवली की हळूहळू कान परत गुलाबी होतात."

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मग माझी सुई कोण थांबवनार?"

गाठ काढण्याजोगी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी उठून पाणी आणायला गेले, तांब्या भरलेला होता तरी.

पंचमीच्या आदल्या दिवशी कामावरून आले, तर आई दोन्ही हात पुढे धरून पाटावर बसलेली. शेजारच्या भाभींनी मेंदी लावून दिली होती. तळहातावर मोठा गोल, बोटांची पेरं भरलेली आणि दहाही नखं गडप.

"अगं, नखांना कशाला?" मी ओरडलेच. "आता मी बघू कशात?"

"म्हनूनच लावली," ती शांतपणे म्हणाली. "रोज उंदरावानी बघतीस मला. आता नखं न्हाईत. माझ्या तोंडाकडं बघ की जरा."

मी बघितलं. तोंड फिकं होतं, गाल बसले होते, पण माहेरच्या ओढीनं डोळे एखाद्या पोरीसारखे लकाकत होते. रक्त वाढण्याची वाट बघणं मी त्या क्षणी सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशीची गाडी ठरवली.

दुधनीत मावशीनं दारातच तिचे हात हातात घेतले. "एष्ट केंप आग्याव!" म्हणजे, किती लाल झालेत! वर म्हणाली की अंगात रक्त भरपूर दिसतंय. आईनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ती झोक्यावर बसली, मी मागून हलकेच झोका देत राहिले. आमच्याशी जन्मभर मराठी बोललेली आई त्या दिवशी कानडीत तोंड भरून बोलत होती. मला निम्मंच समजलं, पण तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या आत ती गेली. तळहातांची मेंदी केव्हाच उतरली होती. नखांची होती, फक्त मुळापासून निम्म्यापर्यंत नवं, पांढरं नख वर आलं होतं.

माझं काम चालूच आहे. टोचणं थांबवल्यावर पिंजऱ्यातले कान गुलाबी व्हायला लागले की सगळे खूश होतात. मीही होते, आणि संध्याकाळी चप्पल काढता काढता ते सांगायला तोंड उघडते. घरात ऐकायला कुणी नसतं. तेव्हा आईची फार आठवण येते.

काल एका उंदराचा कान खिडकीच्या उजेडात धरला. कान चांगला गुलाबी झाला होता. पण माझं लक्ष त्याच्या तोंडाकडेच गेलं आणि मी किती तरी वेळ तशीच बघत राहिले. मला बघायचं होतं आईचं तोंड.