जुळत नाही हेच उत्तर

कामोठ्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर अनुया अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. पीएचडी झालेली बाई इथे कशी, असं एखादा पालक विचारतोच. "कायम नोकरी मिळाली नाही, आणि वडिलांना एकटं सोडून परदेशी जायचं नव्हतं," एवढंच ती सांगते. दुपारी वर्ग रिकामा झाला की त्याच फळ्यावर ती, सगळे कण म्हणजे सूक्ष्म तारांची कंपनं असं मानणाऱ्या, स्ट्रिंग थिअरीचं गणित मांडते, हे काही सांगत नाही.

प्रश्न जुनाच होता. अणूच्या जगातली तीन बलं कमीजास्त ताकदीची. पण ऊर्जा वाढवत नेली की त्यांची ताकद बदलते. काही गृहीतं धरली तर आलेखावरच्या तिन्ही रेषा एका बिंदूत येऊन मिळतात. त्या मिळायला हव्यात हे स्ट्रिंग थिअरीलाही मान्य, फक्त तिचा बिंदू निघतो वीसएकपट वरच्या ऊर्जेला. ही दरी त्या थिअरीच्या काही मॉडेलांमध्ये तिथल्या उंच ऊर्जेच्याच जड कणांमुळे बुजते का, हे अनुया आणि तिचा जुना सहकारी देवेश तपासत होते. देवेश आता मुंबईतल्या एका संस्थेत प्राध्यापक होता.

गणित सुटलं, तेव्हा दरी बुजायची सोडून रुंदावली होती. अनुयाने सगळं दुसऱ्या रीतीने करून पाहिलं. उत्तर तेच. तिने देवेशला बोलावून घेतलं.

बाकावर बसून त्याने फळा नीट वाचला. "मधल्या ऊर्जेला कणांची एक जोडी वाढवू. रेषा मिळतील."

"आणायची कुठून? या मॉडेलांतून ती निघत नाही."

"सगळेच घालतात, अनुया."

"घालोत. मग हाताने घातली असं लिहू."

"तसं लिहिल्यावर छापणार कोण? जुळत नाही, हा काय निष्कर्ष झाला?"

"हाच झाला."

देवेशने आवाज उतरवला. "तुझ्या नावाखाली संस्था नाही. कामोठ्यातला क्लास लिहिणार आहेस?"

"लिहीन की."

देवेशने शोधनिबंधावरून आपलं नाव काढून घेतलं. तिचे वडील, कमलाकर, एवढंच म्हणाले, "म्हणजे आता चुकलीस तर एकटी चुकलीस." ते तिला लागलं, कारण भीती नेमकी तीच होती. पुढचे काही दिवस मुलांना गणितं घालून ती खिडकीशी उभी राहायची आणि मनात एकेक चिन्ह पुन्हा तपासायची. चूक सापडेना. तिने निबंध पाठवून दिला.

पहिल्या नियतकालिकाने तो परत केला. निष्कर्ष निराशाजनक आहे, असं परीक्षकाचं मत. अनुयाने उत्तर धाडलं: निराशाजनक आहेच, चूक असेल तर दाखवा. चूक कोणी दाखवली नाही, निबंधही घेतला नाही. दुसऱ्या नियतकालिकाने छापला. नावाखाली क्लासचा पत्ता होता, कामोठे, पनवेल.

काही महिन्यांनी देवेशचा फोन आला. त्याच मॉडेलांवर काम करणाऱ्या एका गटाने तिचा निबंध वाचून तो रस्ता सोडला होता.

"दुसऱ्या प्रकारची मॉडेलं मिळून तपासायची?" त्याने विचारलं.

"तपासू. निघेल तेच छापायचं, हे आधी कबूल कर."

"बघू."

"बघू नाही चालणार," ती म्हणाली, आणि फोन ठेवून तिने एकटीनेच नवं गणित मांडायला घेतलं.