साधूच्या कपाळावरचा डाग

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, मी जुनी पुस्तकं बांधायला घेतली. कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात "पानं दुमडू नका" म्हणण्यात गेली, दुसरं काही जमण्यासारखं नव्हतंच. जळगावातल्या आमच्या गॅलरीतून खळीचा वास आला की शेजारी ओळखतात, बाईंनी आज कुणाचं तरी पुस्तक सोलायला घेतलंय.

गेल्या वर्षी धुळ्याहून एक निवृत्त नर्सबाई आल्या. मूळच्या शिरपूरकडच्या. पिशवीतून त्यांनी कॅथलिक प्रार्थनांचं एक जुनं सचित्र पुस्तक काढलं. त्यांची आई मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकाला होती. तिथल्या म्हाताऱ्या फादरांनी मायदेशी जाताना ते तिला दिलेलं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेला हे पुस्तक चर्चमध्ये तिच्या फोटोजवळ ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण पानं सुटून हातात येत होती.

"जपून करा हो ताई. आईचं म्हणून माझ्याकडे एवढंच उरलंय."

"निश्चिंत राहा," मी म्हणाले. हे मी फार रुबाबात म्हणते.

भाषा परकी, एक अक्षर कळेना. चित्रांनी मात्र वेड लावलं. प्रत्येक प्रार्थनेभोवती वेली, वेलींवर पक्षी, मधेच एखादी गोगलगाय. मजकूर आणि चित्रं दोन्ही मठातल्या एका साधूची, असं फादर सांगायचे म्हणे. त्याचं नाव? कुठेच नाही. मोठेपणा नको म्हणून घातलं नाही. ग्रंथपालाच्या डोक्याला असा लेखक म्हणजे ताप. आमच्याकडे लग्नात दिलेल्या स्टीलच्या वाटीवरही देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आणि या गृहस्थाने अख्खं पुस्तक लिहून नाव गिळून टाकलेलं! पहिल्या पानावर स्वतःला तेवढं काढलं होतं. टक्कल, सुटलेलं पोट, मेजावर वाकलेला, आणि मेजाखाली झोपलेलं मांजर. मला तो भारी आवडला. काम करताना मी त्याच्याशी बोलायलाही लागले. "काय बुवा, पाठीला खळ लावू का?"

एकच गोष्ट खटकत होती. त्याच्या कपाळावर बोटाएवढा पिवळा डाग होता. ब्रेडच्या चुऱ्याने हलक्या हाताने घासून पाहिला, हलेना. मग ते सुटं पान काचेखाली ठेवून चार दिवस गॅलरीत उन्हात टाकलं. जळगावचंच ऊन ते, डाग साफ गेला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी जेवणानंतर स्वतःलाच श्रीखंड वाढलं.

दसऱ्याला दुपारी नर्सबाई पुस्तक न्यायला येणार होत्या. सणाला चोपड्याहून माझी मोठी बहीण, अक्का, केळीचा घड घेऊन आली होती. सकाळी मी झेंडू आणायला गेले, परत येते तो अक्काने पाटावर सरस्वती काढून घरातली पुस्तकं पूजेला मांडलेली. सगळ्यांत वर साधू, पहिलं पान उघडं, आणि कपाळावर ठसठशीत ओलं कुंकू.

माझा पारा चढला. "अक्का, दुसऱ्याचं पुस्तक आहे ते! चर्चमध्ये जायचंय!"

"मंग? बठ्ठा पुस्तकेस्ले लावं, त्याले एकलाले कसं सोडू? साधू शे ना तो?"

कापसाने टिपायला गेले तर कुंकू भुवयांपर्यंत पसरलं. मला रडू यायचं बाकी राहिलं. विश्वासाने आईची एकुलती एक वस्तू हाती दिलेल्या बाईला आता काय तोंड दाखवणार?

त्या आल्या. मी चहा टेकवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं आणि पुस्तक पुढे केलं. त्यांनी पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या. "अहो, किती शोभतंय त्याला!"

माझा जीव भांड्यात पडला. पण त्या हसू आवरून पान डोळ्यांजवळ नेऊ लागल्या, खिडकीकडे तिरपं धरू लागल्या.

"इथली हळद कुठे गेली?"

"कसली हळद?" मी विचारलं.

"आईला वाचता येत नव्हतं. घरात पहिलं पुस्तक आलं ते हेच. फादर निघायच्या आधीच दसरा आला, तेव्हा तिनेही पूजा केली होती, हळदीचं बोट लावून. फादर बघून हसले होते म्हणे."

हळदीचा डाग उन्हात जातो, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? जन्मभर दोरीवर साड्या वाळत घातल्यात. मी चार दिवस उन्हात बसवून त्यांच्या आईचं बोट पुसलं होतं, वर श्रीखंड खाल्लं होतं. मला भयंकर लाज वाटली. "माझं चुकलं," एवढंच म्हणता आलं.

मग पाटाजवळच्या अक्कापुढे त्यांनी पुस्तक धरलं.

"अक्का, हयद बी लाई द्या ना."

अक्काने हळदीत बोट बुडवलं आणि कुंकवाच्या वर, टकलाजवळ टेकवलं. नर्सबाई वाकून बघत होत्या.

"अजून थोडी," त्या म्हणाल्या. "आईचं बोट जाड होतं."