भोवरेआबा आणि कालव्याची भिंत

लग्नाच्या पंगतीत आमटीची वाटी पुढ्यात आली, की आबा आधी ती चमच्यानं गरागरा ढवळायचे. मग शेजारच्या पाहुण्याला म्हणायचे, "कडंचं बघा, वाटीला चिकटून बसतंय. मधलं पळतंय. ह्या दोघांच्या ओढाताणीत भवरा जन्मतोय." पाहुणा बिचारा जिलेबीची वाट बघत असायचा. अंथुर्ण्याजवळच्या कालव्यावर पाण्याची दारं उघडायची-लावायची नोकरी करणाऱ्या या माणसाला सगळे भोवरेआबा म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे.

कालव्यावर पोहायला कुणी आलं की आबा त्याला आधी काठावर उभं करत आणि दारापाशी उसाचं चिपाड टाकत. ते भिंतीला घासत फिरायचं, बुडायचं आणि पार मध्ये जाऊन वर यायचं. "भिंत दिसली की धरावीशी वाटती. तितंच पाणी माणूस गिळतं. मधी ऱ्हावा." हे पाठ झाल्याशिवाय पाण्यात पाय घालू देत नसत. पाहणीला आलेल्या साहेबालाही त्यांनी अर्धा तास उन्हात चिपाड दाखवलं. स्वतः मात्र कधी उतरले नाहीत. ज्याला पाणी कळलंय तो कशाला भिजंल, म्हणायचे. आम्हीही नंदीबैलासारख्या माना हलवायचो.

गेल्या उन्हाळ्यात दारात अडकलेलं पाचट काठीनं काढताना तोल गेला आणि आबा पाण्यात. मी मोटारसायकल टाकून धावलो. बघतो तर गडी भिंतीतली लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरून लोंबकळतोय आणि भोवरा पाय ओढतोय. मी उडी मारली. भिंत सोडा, मधी या, म्हणून ओरडलो.

"येड्या, मला पवाय येत न्हाय."

घ्या! सगळ्या पंचक्रोशीचे गुरू! राग आला आणि हसूही आलं. मी त्यांचं एकेक बोट सोडवलं. त्यांनी माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. सुटलो तसं भोवऱ्यानं एक गिरकी देऊन आम्हाला मधल्या धारेत फेकलं आणि आम्ही कालव्याच्या पुढच्या पायऱ्यांना लागलो.

धाप ओसरताच आबांनी मला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. चार दिवसांनी भर दुपारी पाठीला रिकामा डबा बांधून आमच्या विहिरीवर हजर. दीड महिना शिकले आणि चुकले की शिव्या मला घातल्या. एक दिवस डबा सोडून त्यांनी विहीर आरपार केली, पलीकडच्या पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. साठीला टेकलेला माणूस.

आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम, आणि सांगणार कुणाला? गावाच्या लेखी ते जन्मापासूनच पट्टीचे पोहणारे. दिवाळीनंतर छातीत कळ येऊन आबा गेले. मी शपथ मोडतोय, आबा. घाला शिव्या. पण तुम्ही विहीर पार केली होती, हे कुणीतरी सांगायला नको?