पाडा कापायचा अधिकार

ग्रामपंचायतीच्या फलकावर आमच्या पाड्याचा नकाशा लागला, तेव्हा मी दळण घेऊन परतत होते. निवडणूक यायची होती, म्हणून गावाचे प्रभाग पाडले होते, त्याचा तो कच्चा नकाशा. डोक्यावरचा डबा खाली ठेवून मी बघायला लागले. दोन प्रभागांमधली लाल रेघ आजवर ओढ्यावरून जायची. आता ती ओढा सोडून आमच्या पाड्यात शिरली होती आणि घरांच्या मधून वर चढली होती.

आमचा पाडा मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. खालच्या टोकाला आमचं एकट्याचं कुणब्याचं घर, बाकी सगळी ठाकर आदिवासींची. नव्या रेघेनं वरची घरं एका प्रभागात ठेवली होती आणि खालची, आमच्यासकट, ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावाला जोडली होती. यामागचं गणित कळायला शाळा शिकावी लागत नाही. पाडा एकगठ्ठा मत टाकतो. दोन तुकडे केले की दोन्हीकडे तो मिठाएवढा उरतो.

शेजारीण माझ्या मागोमाग आली होती. ती ठाकराची, माझ्याहून लहान, लावणीला आम्ही एकाच शेतात ओणवं असायचो. नकाशावर मी तिला तिचं घर दाखवलं.

"वयनी, म्हंजे घर एकीकडं नि माझा गोठा दुसरीकडं?"

"तसंच दिसतंय खरं."

"मंग म्हशीनं मत कुठं टाकायचं?"

आम्ही दोघी हसलो. गावात एक पुढारी आहे. जमिनी विकून देण्याचा त्याचा धंदा, आणि पंचायत गेली कित्येक वर्षं त्याच्याच ओटीवरून चालते. मी तडक त्याच्या ओटीवर गेले. पाडा कोणी कापला म्हणून विचारलं. तो सुपारी कातरत म्हणाला, "वरून आलंय वयनी. आपल्या हातात काय नाय."

"वरून म्हंजे कुठून? आमच्या वर तर सिद्धगडाचा डोंगरच हाय."

त्यानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

आम्ही आक्षेप लिहून दिला. पाड्यावरच्या बाया, दोन-चार पुरुष आणि मी, असे मुरबाडला सुनावणीला गेलो. प्रांतसाहेबांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले. पण बघण्याआधीच निरोप आला की ही सगळी प्रक्रियाच रद्द झाली. तहसील कचेरीतल्या कारकुनाला मी कारण विचारलं. तो बिचारा भला माणूस होता. म्हणाला, प्रभाग पाडायचा अधिकार आजवर निवडणूक आयोगाचा होता, आता सरकारनं कायदा करून तो स्वतःकडे घेतलाय. त्यावर कोणी कोर्टात गेलंय.

"मग आमच्या आक्षेपाचं काय?"

"नकाशाच राहिला नाही ताई, तर आक्षेप कशावर?"

घरी येताना बाया म्हणाल्या, बरं झालं, सुटलो. मला तसं वाटेना. ज्यानं रेघ ओढली होती त्याचा हात अजून तिथंच होता.

पंचायतीची मुदत संपली. निवडणूक नाही म्हणून प्रशासक बसवला. तो तालुक्याचा विस्तार अधिकारी, आमच्यासारख्या अनेक गावांचा एकच धनी. आठवड्यात एकदा यायचा, तोही पुढाऱ्याकडे चहा पिऊन परस्पर जायचा. पाड्याच्या विहिरीचा कठडा ढासळला, तरी दाद कोणाकडे मागायची ते कळेना. सदस्य म्हणायचे आम्ही आता सदस्य नाही. प्रशासक म्हणायचा नवी बॉडी येऊ दे. नवी बॉडी कधी येणार, तर कोर्टाला विचारा.

आणि मग एक दिवस नवा कच्चा नकाशा लागला. लाल रेघ होती तिथंच. पाड्याच्या मधोमध.

त्याच महिन्यात ग्रामसभा होती. एरवी ग्रामसभेला बाया दाराशी बसतात, हजेरीची सही करून उठतात. त्या दिवशी आम्ही पुढं जाऊन बसलो. प्रशासकानं विषय वाचले, संपवले आणि तो उठायला लागला. मी उभी राहिले.

"साहेब, आमचा ठराव घ्या. पाडा कापू नये, हद्द ओढ्यावरूनच धरावी."

"हा विषय ग्रामसभेच्या अधिकारात येत नाही."

"मंग कोणाच्या येतो?"

"ते वरचं काम आहे."

"वरचं म्हंजे कोणाचं ते सांगा, आमी तिथं जातो. कचेरीत म्हणाले, पैल्यांदा आयोगाचं होतं. मंग सरकारचं झालं. आता कोर्टात भांडण हाय. तर आज, या घडीला, अधिकार कोणाचा?"

त्यानं पुढाऱ्याकडे बघितलं. पुढारी छताकडे बघत होता.

"आज तसं... निश्चित सांगता येणार नाही."

"ज्याला सांगता येत नाय त्यानं आमचं घर कापू नये. तुमी नाव सांगा, आमी उठतो. तवर आमी हितंच."

शेजारणीनं पदर खोचला आणि फतकल मारली. तिच्या मागे सगळ्या बाया. पुढारी म्हणाला, "वयनी, सभा संपलीय, तमाशा नको." माझा नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, आता हा मला हाक मारून घरी नेणार. तो पुढं आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याला सभेत बोलता येत नाही.

दुपार कलली. शेवटी प्रशासकानं वही परत उघडली. लिहिताना म्हणाला, "ग्रामस्थांच्या आग्रहावरून, असं टाकतो."

"टाका," मी म्हटलं. "आग्रहच हाय."

तो ठराव जोडून आम्ही पुन्हा आक्षेप घेतला, पुन्हा मुरबाड गाठलं. या खेपेला मी एकच मागितलं, की साहेब, एकदा येऊन बघा. आणि खरंच एक अधिकारी आला. वरून काढलेल्या फोटोत त्यांना पाड्यातून रस्ता दिसला होता, त्या रस्त्यावरून हद्द धरलेली. आम्ही त्याला त्या रस्त्यानं चालवत नेलं. रस्ता शेजारणीच्या अंगणात येऊन गोठ्याच्या दाराशी संपला. म्हशीनं त्याच्याकडे बघून कान हलवले. तो हातातल्या नकाशाची घडी घालत म्हणाला, "हा तर रस्ताच नाही."

"आमी दोन वेळा हेच सांगितलं," शेजारीण म्हणाली आणि आत पाणी आणायला गेली.

अंतिम नकाशात रेघ ओढ्यावर गेली. पाडा अख्खा राहिला. त्या संध्याकाळी बायांनी माझ्या ओटीवर नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग आरक्षण निघालं. पाडा अख्खा राहिला म्हणूनच आमच्या प्रभागात आदिवासी वस्ती जास्त भरली, आणि प्रभागाच्या दोन्ही जागा आदिवासींसाठी गेल्या. त्यातली एक बाईची. मला उभं राहायला आमच्या प्रभागात जागा उरली नाही. पुढाऱ्यानं रस्त्यात गाठून हसत सांगितलं, "वयनी, सवताच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता आमच्या प्यानलमधून गावातल्या प्रभागात या. तिथं बाईची जागा हाय."

वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. चार पैशांसाठी मी पोलकी शिवते, त्या दिवशी मशीनवर बसले तर शिवण वाकडी जात होती. पंचायतीच्या खुर्चीत आपण बसलोय असं मी मनात पुष्कळदा पाहिलं होतं. पण त्याच्या प्यानलमधून? ज्यानं पाडा कापायला लावला त्याच्या ताटात जेवायचं? मी त्याला म्हटलं, "भावोजी, धोंडा माझ्याच पायावर पडलाय ना? मंग तुमी कशाला लंगडता?"

शेजारणीला मी म्हटलं, तू उभी राहा. ती म्हणाली, "मला बोलता येत नाय गो वयनी." मी म्हटलं, म्हशीच्या मताचं विचारलंस तेव्हा कोण बोलत होतं?

ती निवडून आली. पाड्यावरचा एक शिकलेला पोरगा दुसऱ्या जागेवर आला. सरपंच मात्र थेट लोकांतून निवडायचा होता, आणि तो पुढाऱ्याचाच माणूस झाला. सगळंच काही आमच्या मनासारखं झालं नाही.

पहिल्या बैठकीला तिच्याबरोबर तिचा नवरा निघाला, नवी टोपी घालून. तिनं त्याला ओढ्यापाशीच थांबवलं. "तुमी म्हशीला चारा घाला," म्हणाली, "निवडून मी आलेय." पंचायतीत सरपंचानं तिच्यापुढं वही सरकवली. सही करा, चहा घ्या, मग जा, इतकंच काम. दाराबाहेर उभी राहून मी ऐकत होते. सदस्य नाही म्हणून मला आत बसता येत नव्हतं, दाराबाहेर उभं राहायला कोणाची मनाई नव्हती.

"आधी बैठक होऊ दे," तिचा आवाज आला. "पैला विषय विहिरीचा."