न वाचलेली सूचना

ख्रिस्ती मंडळींच्या ऐक्यासाठी प्रार्थना करणं हे माझं काम आहे. आमच्या काही सिस्टर दवाखाना सांभाळतात, काही शाळेत शिकवतात. मी व्रतं घेतली तेव्हा मदरना म्हणाले होते, माझं आयुष्य या एका मागणीसाठी लागू दे. मदर हसल्या. म्हणाल्या, "दोन जावा एका चुलीवर नांदत नाहीत, आणि तू चर्चं एक करायला निघालीस!" तरी त्यांनी होकार दिला. तेव्हापासून आंधळगावजवळच्या आमच्या मठात मी रोज त्याच एका गोष्टीसाठी गुडघे टेकते. बाकीच्या वेळात धानाची बांधी असते, स्वयंपाक असतो, आणि तरुण सिस्टर म्हणून सगळ्यांची वरकामं असतात.

ही मागणी मी पुस्तकातून उचललेली नव्हती. ती कारध्याच्या आमच्या घरातली. आई लवकर गेली, मला वाढवलं वहिनीनं. आम्ही कॅथलिक, वहिनी दुसऱ्या मंडळीतली. रविवारी दादा, मध्ये मी आणि मागे वहिनी असे एकाच गाडीवर वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला जायचो. चौकात वहिनी उतरायची आणि तिच्या चर्चच्या वाटेला लागायची. मी भोकाड पसरायचे, "वहिनी आपल्यासंग काहून येत नाही?" दादा म्हणायचा, "तिचं चर्च अलग आहे." मिस्सा, म्हणजे आमची उपासना, संपेपर्यंत मी फुरंगटून बसायचे.

यंदा जानेवारीत ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा आला, तेव्हा त्यातल्या एका दिवसाच्या मिस्साला मी हट्टानं वहिनीला मठात बोलावलं. फोनवर म्हणाले, "ये वो वहिनी, त्या दिवशी सगळे एकच असतात."

"तू बोलावून राहिली न, मंग येतोच मी," ती म्हणाली.

आता नेम सांगते. आमच्याकडे मिस्सात ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांनीच घ्यायचा. इतरांनी रांगेत यायचंच असेल तर छातीवर हात दुमडून यावं, त्यांना आशीर्वाद मिळतो. वहिनीच्या चर्चमध्ये तसं नाही. तिथं या प्रसादाला प्रभुभोजन म्हणतात, आणि त्याला बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही या म्हणतात. म्हणून प्रसादाआधी पाहुण्यांसाठी ही सूचना वाचायची असते. ते काम फादरनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि प्रसाद वाटायलाही मीच मदतीला होते.

मी सूचना वाचली नाही. विसरले म्हणावं तर तेही नाही. इतर चर्चांची माणसं एवढ्या प्रेमानं आलेली, आणि ऐक्याच्याच दिवशी "हे तुमच्यासाठी नाही" असं माझ्या तोंडून निघेना. वाटलं, समजून घेतील, बसून राहतील. आणि बाकीचे पाहुणे बसूनच राहिले, त्यांना ठाऊक होतं. उठली फक्त वहिनी.

डोक्यावर पदर, तळहातावर तळहात ठेवून दोन्ही हात पुढे केलेले. मी दहावी पास झाले तेव्हा हसली होती तशी हसत होती. माझ्या चिमटीत प्रसादाच्या भाकरीची पातळ चकती होती. मी ती परत भांड्यात ठेवली आणि वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद पुटपुटले. जिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या तिच्या डोक्यावर मी, तिच्या धाकट्या नणंदेनं, चारचौघांत हात ठेवला! तिला काही कळेना. हात तसेच पुढे धरून ती उभी राहिली. मागच्या बाईनं खांद्याला स्पर्श केला, तेव्हा जागेवर जाऊन बसली.

बाहेर मी तिला गाठलं. "वहिनी, तो आमचा नेम आहे वो..."

"असू दे न. मले काय मालूम? पयले सांगतलं असतं तं मी उठलोच नसतो. राग नाही आला मले."

राग आला असता तर मी पाय धरले असते. तिनं ती सोयही ठेवली नाही.

नेमाशी माझं भांडण नाही. चर्चं दुभंगलेली आहेत हेच तो नेम सांगतो, आणि तेवढ्यासाठीच तर मी प्रार्थना करते. पण तो मी वहिनीला फोनवर सांगू शकले असते, तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगू शकले असते. मला कडू बोलायचं नव्हतं, गोड दिसायचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आता चॅपलमध्ये "आम्हा सर्वांना एक कर" म्हणताना माझी मलाच लाज वाटते.

ईस्टरनंतर दोन दिवस घरी गेले. वहिनीनं भात, वांग्याची भाजी केली, पोटभर वाढलं, मठातल्या सगळ्यांची विचारपूस केली. मनातून मी सुटल्यासारखी झाले. जेवण झाल्यावर माझ्या गळ्यातल्या क्रूसाची दोरी तुटली आणि क्रूस माझ्या मांडीवर पडला. शिवणाचं घरात काहीही निघालं की ते वहिनीचंच. ती सुई-दोरा घेऊन आली, माझ्यासमोर बसली, क्रूस उचलायला वाकली आणि थांबली.

"मी हात लावला तं चालन का वो?"

टोमणा नव्हता तो. टोमणे मारायची तिची रीतच नाही. ती खरंच विचारत होती.

"चालन न वहिनी," मी म्हणाले.

तिनं आधी पदराला हात पुसले, दोन्हीकडून, आणि मग क्रूस उचलला.