शेवंताच्या घरचा विस्तव

लग्न होऊन चामोर्शीजवळच्या गावात आले, त्याच्या तिसऱ्याच सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात एक खापराचा तुकडा दिला आणि शेजारून विस्तव आणायला पाठवलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट... मी सतरा वर्षांची होते. (मी सांगतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या.)

मी वरोऱ्याची. बाजारपेठेचं गाव, रेल्वे स्टेशन, चुलीशेजारी काडेपेटी असायचीच. दुसऱ्याच्या दारात उभं राहून आग मागायची या विचारानेच माझे डोळे भरून आले.

गावात मात्र ती रीतच होती. काडेपेटी असली तरी पावसाळ्यासाठी जपून ठेवायची, एरवी ज्याच्या चुलीत निखारा असेल त्याच्याकडून आणायचा. शेजारच्या घरी म्हातारे सासरे दिवसभर बिड्या ओढत, म्हणून तिथे एक ओंडका कायम धुमसत असे. अर्ध्या आळीच्या चुली त्यावरच पेटायच्या.

त्या घरची सून शेवंता. चिमूरकडची, माझ्याच वयाची. माझा चेहरा बघून म्हणाली, "काऊन रडून राह्यली व? इस्तोच तं मागून राह्यली, जीव थोडी मागून राह्यली."

मग तिने खापरात राख घातली, वर एक निखारा ठेवला आणि म्हणाली, "थांब, फुलू दे जरा." तो निखारा फुलायला बराच वेळ लागला... रोजच लागायचा. ती मुद्दाम अर्धा विझलेला निखारा द्यायची हे मला आठ दिवसांनी कळलं. तेवढ्यात आमचं सगळं बोलून व्हायचं, माहेरचं, नवऱ्यांचं, कुणाची भाजी खारट झाली त्याचंसुद्धा.

तेव्हा नव्या सुनेने कामाशिवाय घराबाहेर पडायचं नसे. विहीर आमच्या अंगणातच होती, आणि पहिलं वर्षभर मला शेतावरही नेणार नव्हते. पण विस्तव हेच माझं बाहेर पडायचं एकमेव निमित्त आहे, एवढी अक्कल मला तेव्हा कुठून असणार... शेवंता आवडायची, मागणं मात्र आवडत नव्हतं.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा वडिलांजवळ रडले. त्यांनी येताना काडेपेट्यांचा अख्खा पुडा दिला. वरोऱ्याहून चांद्यापर्यंत (आताचं चंद्रपूर) रेल्वे, पुढे मोटार, शेवटी बैलगाडी... तो पुडा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

सासूबाईंना सगळे बाई म्हणायचे, मीही. त्यांच्यापुढे पुडा ठेवून मी ऐटीत म्हटलं, "बाई, आता कोनाच्या दारात जायचं काम नाई." त्या फक्त "बरं झालं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एका काडीत चूल पेटवली. काय तो रुबाब माझा! बघता बघता आळीत आणखी दोन घरांत काडेपेटी आली. सोय कोणाला नको असते?

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं... आता शेवंताकडे जाणार कशासाठी? मी माझ्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला होता.

कुंपणापलीकडे ती दिसायची. दोघी एकमेकींकडे बघायचो आणि कुणी हाक मारली की आत जायचो. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलायचं ते कामापुरतं. मला जेवण जाईना, स्वयंपाक करताना रडायचे आणि धुराचं नाव सांगायचे. तक्रार तरी कोणाकडे करणार, काडेपेट्या मीच आणलेल्या!

बाईंचा मला फार धाक होता. कमी बोलायच्या, आणि बोलल्या तरी कामातली चूक दाखवायला. माझ्याकडे त्यांचं लक्ष आहे असं कधी वाटलंच नाही.

चैत्रातली एक सकाळ. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, ऊन असं की संध्याकाळपर्यंत ती खडखडीत व्हायची. मी काडी ओढायला हात पुढे केला, तर बाईंनी काडेपेटी उचलून घेतली.

"आगपेटी सादळली, पोरी. जाय, शेवंताच्या घरून इस्तो घेऊन ये."

मला काही कळेना. चैत्रात कुठली काडेपेटी सादळते? मी म्हटलं, "बाई, पुड्यातली दुसरी काढू?"

"तेबी सादळली."

"सगळ्याच?"

"सगळ्याच." त्यांनी काडेपेटी कमरेला खोचली आणि तांदूळ निवडायला बसल्या. मी खापर घेऊन निघाले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "इस्तो चांगला फुलू दे. घाई करू नोको."

मी दारातच थबकले... म्हणजे यांना सगळं माहीत होतं. निखारा का फुलत नाही तेही, आणि धूर नसताना माझे डोळे का लाल होतात तेही.

शेवंताच्या चुलीपुढे बसून आम्ही दोघी त्या दिवशी आधी हसलो, मग रडलो. निखारा तिने अर्धा विझलेलाच दिला.

पुढे गावात घरोघरी काडेपेटी आली, विस्तव मागणं बंद झालं. शेवंताचे सासरे गेल्यावर तो ओंडकाही विझला. तोपर्यंत मी दोन लेकरांची आई झाले होते, बाहेर जायला मला निमित्त लागत नव्हतं. पण मधली तीन-चार वर्षं आमच्या घरातल्या काडेपेट्या ऐन उन्हाळ्यातही सादळत राहिल्या.

बाईंनी मला कधी जवळ घेतलं नाही की कौतुकाचा शब्द काढला नाही. त्या माझ्यासाठी रोज सकाळी एवढं एक खोटं बोलायच्या. मी कधी आभार मानले नाहीत... मानले असते, तर त्यांना ते खोटं कबूल करावं लागलं असतं.