वकीलसाहेबांच्या कवळीतली शिट्टी

वकीलसाहेबांनी कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि तोंडाला रुमाल लावला. कवळी देऊन आठवडाही झाला नव्हता.

"सैल झाली का साहेब?"

त्यांनी ती परत बसवली. "सैल न्हाई, शिट्टी मारून राह्यली. काल अंबडच्या कोर्टात 'साबिक फैसला', म्हंजे आधीचा निकाल, म्हणलो, तर समोरचा वकील म्हणतो, इथं मेंढरं कोण हाकून राह्यलं? सगळे हसले. परवा पुन्हा पेशी आहे."

दात काढल्यापासून ते चार महिने घरी बसून होते. तेवढ्यात निम्मे पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेले होते. परवाही शिट्टी वाजली असती तर उरलेलेही गेले असते.

जालना हैदराबाद संस्थानात होतं तेव्हा मी तिथं कवळ्या बनवायचो. काम हैदराबादेत शिकलो. लोक डॉक्टर म्हणत, मीही म्हणू देत असे. कवळी तपासायची माझी रीत साधी होती. नवीन दातांचा माणूस जपून, हळू बोलतो, त्यामुळे दोष कळत नाही. जल्दी बोलायला लावलं की जपायचं भान सुटतं. म्हणून प्रत्येकाकडून "कच्चा पापड, पक्का पापड" आणि "चटईला टाचणी टोचली" दहा-दहा वेळा भराभर म्हणवून घ्यायचो. बायका पदराआड हसत, म्हातारे इरेला पेटत. वकीलसाहेब तर एकदाही अडखळले नव्हते.

"डॉक्टर, मी कोर्टात पापड लाटतो का? तिथं सारं उर्दूत चालतं."

मी दोन्ही वाक्यं मनात पुन्हा म्हणून पाहिली. पापडात आणि चटईत जीभ-ओठ आपटतात. स आणि फ मात्र पुढच्या दातांपाशी हवा घासून निघतात, आणि माझ्या दोन्ही वाक्यांत ते नव्हतेच. कोर्टाची उर्दू तर स आणि फ यांनीच भरलेली. चूक बिलकुल माझी होती.

पुढच्या दातांमागे कवळीची कडक रबराची प्लेट जाड राहिली होती. ती घासायला हवी होती. जास्त घासली तर तडकणार, आणि नवीन करायला पंधरा दिवस लागत.

"मंग तपासायचं कसं?" मी विचारलं.

वकीलसाहेबांनी जरा विचार केला. "हे घ्या. मुन्सिफ साफ, इन्साफ साफ, साफ सफे पे फैसला साफ." मुन्सिफ म्हणजे न्यायाधीश, सफा म्हणजे पान. तेवढ्यातही तीनदा शिट्टी वाजली.

मी दोन हात कानस मारायचो, ते म्हणायचे. पुन्हा शिट्टी, पुन्हा कानस. पाचव्या खेपेला त्यांचा मुन्सिफ इन्साफात अडकला आणि ते हसत सुटले. मीही म्हणून पाहिलं. माझे बत्तीस दात शाबूत, तरी फैसल्याचा सैफला झाला.

"तुमचेबी दात काढून टाका, मंग जमंल," ते म्हणाले. हसू ओसरेपर्यंत मी कानस बाजूला ठेवली.

आठव्या खेपेला त्यांनी एका दमात तीनदा म्हटलं. शिट्टी गेली होती. प्लेट इतकी पातळ झाली होती की ती परत देताना मला भीती वाटली. "हिनं भाकरी चावू नका," एवढंच बोललो.

पेशीच्या दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम जालन्याला आले.

"हरलो," ते म्हणाले. "पण मुन्सिफसाहेबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कोन्ही हसलं न्हाई." त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा होता. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून माप घेण्याआधी मी विचारायला लागलो, तुम्ही काय बोलता आणि कुणाशी. पुढे मंठ्याकडचा एक म्हातारा धनगर आला. म्हणाला, "मेंढराशी बोलतो." त्याच्या प्लेटला मी कानस लावलीच नाही.